पहिलं रिब्रिदर मॅन्युअलच घ्यावं: सोलापूरकरांसाठी माझं ठाम मत

भीमाकाठ:
आपल्यातल्या एका तरुण मित्रानं पहिलं क्लोज्ड सर्किट रिब्रिदर, म्हणजे सोडलेला श्वास गाळून त्यात ऑक्सिजन घालून परत देणारं डायव्हिंगचं यंत्र, घ्यायचं ठरवलंय. हातात तीन कोटेशनं आहेत, सगळी आठ-दहा लाखांच्या घरातली. एक पूर्ण इलेक्ट्रॉनिक, एक मॅन्युअल, एक दोन्हींचं मिश्रण. त्यानं मत विचारलं. पैसा आणि जीव दोन्हींचा प्रश्न आहे, म्हणून इथे उघड मांडतो.

मॅन्युअल घे. त्यात ऑक्सिजन बारीक छिद्रातून सतत झिरपतो, निवांत असताना शरीराला लागतो त्याहून जरा कमी. उरलेला आपण बटण दाबून घालायचा. इलेक्ट्रॉनिकमध्ये हे काम सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, करतो.

हिशोब बघा. लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरतो त्या बंद मार्गात, समजा सहा लिटर वायू आहे आणि पीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा दाब, १.३ बार. शरीर मिनिटाला साधारण एक लिटर ऑक्सिजन वापरतं, खोली कितीही असो. सोलेनॉइड बंद पडला आणि डायल्युअंटची, म्हणजे लूप भरलेला ठेवणाऱ्या हवेसारख्या वायूची, भर धरली नाही, तर सहा-सात मिनिटांत आकडा ०.२ वर येतो. ०.१६ च्या खाली शुद्ध जाण्याचा धोका सुरू होतो, आणि त्याआधी गुदमरल्यासारखं काहीच वाटत नाही. झिरप चालू असेल तर हीच घसरण तिपटीहून जास्त वेळ घेते. तेवढ्यात माणूस मनगटावरच्या आकड्याकडे बघतोच.

दुसरं, आपण किनाऱ्यावर राहत नाही. पावसाळ्यात मालवण बंद, मुर्डेश्वरही बंद. यंत्र कित्येक महिने कपाटात. सोलेनॉइड किंवा वायरिंग बिघडलं तर सोलापुरात त्याला हात लावणारा कोणी नाही. जितके भाग कमी, तितकं बरं.

होटगी रोड:
भीमाकाठ दादा, तुमच्याच दुसऱ्या मुद्द्यावरून मी नेमकं उलटं म्हणतो. जो माणूस वर्षातून मोजक्या वेळा पाण्यात जातो, त्याच्या हातात सवय नसते. प्रवाह ओढतोय, जोडीदार दिसत नाहीये, मास्कमध्ये पाणी आलंय, अशा वेळी आकडा बघायचा राहून जातो. तेव्हा सोलेनॉइडच वाचवतो. सेटपॉइंट, म्हणजे यंत्रानं राखायचा पीओटू, ०.७ वर ठेवा आणि हातानं १.२ सांभाळा. तुम्ही विसरलात तर यंत्र विसरणार नाही. मॅन्युअलचं शिस्त लावणं मिळतं, वर आधारही.

आणि बारीक छिद्र बुजत नाही, असं कुणी सांगितलं?

खरा कच्चा दुवा ऑक्सिजन मोजणारे सेल आहेत, ते दोन्हींत सारखेच. तिन्ही सेल एकाच बॅचचे घेतले की एकदमच म्हातारे होतात. मग दोन खराब सेल मिळून एका चांगल्याला खोटं ठरवतात आणि यंत्र त्या दोघांचं ऐकतं. त्यात आपला उन्हाळा! एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेला सेल कंपनीनं छापलेल्या मुदतीपर्यंत टिकेल, असं धरूच नका. तपासणी सोपी आहे: हवेत १० मिलिव्होल्ट देणारा सेल शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४८ च्या आसपास आला पाहिजे. ४२ वर अडकला तर फेकून द्या. शिवाय सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, इथे शुद्ध ऑक्सिजनचा दाब ०.९६ बारच भरतो. यंत्र हवेचा दाब स्वतः मोजत नसेल आणि तुम्ही घरीच १.० धरून कॅलिब्रेट केलंत, तर समुद्रात १.३ दिसेल तेव्हा खरा १.२५ असेल.

भूलतज्ज्ञ:
तुम्ही दोघं ऑक्सिजनवरच अडलात. मला भीती कार्बन डायऑक्साइडची वाटते.

ऑपरेशन थिएटरमध्ये सोडालाइम, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे, रोज माझ्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून सांगते. हॉस्पिटलमधलं सोडालाइम डायव्हिंगला वापरू नका. त्याचे दाणे साधारण अडीच ते पाच मिलिमीटरचे असतात. रिब्रिदरसाठी एक ते अडीचचे लागतात. रंग बदलण्यावरही विसंबू नका. डबा भरताना थोडं ओतायचं, चारी बाजूंनी टिचक्या मारायच्या, दाणे बसले की पुन्हा ओतायचं, आणि झाकण लावून कानाशी हलवल्यावर खुळखुळ आवाज आला तर परत उघडायचं. सैल भरलं की वायू भेगेतून वाट काढतो आणि न गाळलेलाच परत तोंडात येतो.

तसं झालं की धाप इतकी लागते की तोंडातून माउथपीस काढून राखीव सिलिंडरचा दुसरा रेग्युलेटर घालणंच जमत नाही. तो एक श्वास थांबवता येत नाही. म्हणून माझ्या यादीत पहिलं बेलआउट व्हॉल्व्ह असलेलं माउथपीस, जिथे नुसता खटका फिरवायचा, की लूपऐवजी थेट सिलिंडरमधून श्वास मिळतो. दुसरं, माउथपीस जागेवर धरणारा डोक्यामागचा पट्टा. फ्रेंच नौदलाच्या डॉक्टरांनी १९७९ ते २००९ मधल्या रिब्रिदर वापरणाऱ्या लष्करी डायव्हरांच्या नोंदी तपासल्या होत्या. ५४ जण पाण्यात बेशुद्ध झाले, बुडून गेले तिघंच, आणि लेखकांनी त्याचं श्रेय या पट्ट्याला दिलं. पट्टा काही हजारांत येतो, तरी कोटेशनमध्ये तो ऐच्छिक म्हणून शेवटी लिहिलेला असतो. याचा मला खरोखर राग येतो.

होटगी रोड:
डॉक्टर, पट्ट्याबद्दल शंभर टक्के मान्य. बेलआउट व्हॉल्व्हचं एवढं सोपं नाही. तो जड असतो, जबडा दुखतो, काहींत श्वासाला अडथळाही वाढतो. आणि त्याची नळी यंत्राच्या छोट्या डायल्युअंट सिलिंडरला जोडली असेल तर? चाळीस मीटरवर, घाबरलेला माणूस, पाच बार गुणिले तीस लिटर, म्हणजे मिनिटाला दीडशे. तीन लिटरच्या सिलिंडरमध्ये दीडशे बार उरले असतील तर साडेचारशे लिटर. तीन मिनिटं!

भूलतज्ज्ञ:
म्हणूनच नळी बगलेतल्या मोठ्या बेलआउट सिलिंडरला जोडायची. पण ते पहिले काही श्वास मिळणं हाच मुख्य प्रश्न असतो. डोकं ताळ्यावर आलं की दुसरा रेग्युलेटर घेता येतो.

शेंगाचटणी:
माझं मत कडू लागेल. घेऊच नका. अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० मधल्या १८१ रिब्रिदर मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये छापला. साध्या स्कूबापेक्षा धोका चार ते दहा पट निघाला. मॅन्युअल की इलेक्ट्रॉनिक, यानं त्यात फारसा फरक दिसला नाही, तेव्हा वरची अर्धी चर्चा बाद. मालवणच्या उथळ पाण्यात याची गरज काय? त्या पैशात अंदमानच्या कितीतरी खेपा होतील की ओ.

भीमाकाठ:
शेंगाचटणी, त्याच अभ्यासात दोन तृतीयांश मृत्यू जास्त जोखमीच्या डाइव्ह किंवा बेफिकिरीशी जोडलेले आहेत. म्हणजे धोका माणूस कसा वागतो त्यावरच जास्त ठरतो, आणि मॅन्युअल यंत्र वागणं घडवतं. मी तिथून हलणार नाही. मालवणसाठी हे लागत नाही, हे मात्र बरोबर. मित्राला तीस-चाळीस मीटरवर तास-तासभर मासे बघत राहायचंय. तिथे साध्या स्कूबाचं बारा लिटरचं सिलिंडर अर्धा तासही जेमतेम पुरतं.

डॉक्टरांचं मी पूर्ण उचलतो. बेलआउट व्हॉल्व्ह आणि पट्टा कोटेशनमध्ये वर घ्यायला सांगितलंय. काउंटरलंग, म्हणजे श्वासाच्या पिशव्या, पाठीवरचे की छातीवरचे, ते त्यानं दोन्ही पाण्यात घालून ठरवावं, त्यावर इथे वाद नको. सिलिंडर मात्र परदेशातून यंत्राबरोबर मागवू नकोस. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे नागपूरच्या पेसो या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेची मंजुरी लागते, नाहीतर माल कस्टममध्ये पडून राहील.

होटगी रोड:
आणि ज्या यंत्रावर तुमचा इन्स्ट्रक्टर स्वतः डाइव्ह करतो तेच घ्या. तो इलेक्ट्रॉनिकवाला असेल तर दादांचं ऐकून मॅन्युअल घेऊ नका. दादा, यावर तरी हो म्हणा.

भीमाकाठ:
नाही. मॅन्युअल शिकवणारा इन्स्ट्रक्टर शोधायचा. थोडा लांबचा प्रवास पडेल, एवढंच.