सेन्सर नेमकं काय मोजतो?

अन्नाच्या अ‍ॅलर्जीवरच्या चर्चेत एक दावा वाचला की बोटाला टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर चालणारा स्वस्त सेन्सर आला की अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदान घरीच होईल, डॉक्टर लागणार नाही. उत्साह पटला, निष्कर्ष नाही.

अशा सेन्सरच्या पट्टीवर शेंगदाण्यातलं ‘आरा एच २’सारखं प्रथिन चिकटवलेलं असतं. रक्तातली त्याविरुद्धची आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित) प्रतिपिंडं त्याला येऊन चिकटतात आणि विद्युतप्रवाहातला फरक मोजला जातो. खरी गोम इथेच आहे. आयजीई आहे असं म्हणायला प्रयोगशाळेत नेहमी धरतात ती ०.३५ केयू (प्रतिपिंड मोजायचं एकक) प्रति लिटर ही किमान मर्यादा म्हणजे मिलिलिटरमागे जेमतेम ०.८४ नॅनोग्रॅम. त्याच थेंबात एकूण आयजीजी (रक्तातली दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं) त्याच्या साधारण एक कोटी पट! त्या गर्दीतून नेमकी आयजीई वेचताना स्वस्त यंत्राची त्रेधा उडते.

बरं, आकडा अचूक आला तरी आयजीई असूनही शेंगदाणे मजेत खाणारे कितीतरी लोक असतात. म्हणून तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खायला देऊन बघायची चाचणीच अजून प्रमाण मानतात.

आणि हो, हार्वर्डच्या संशोधकांचं २०१७ मधलं ‘आयईट’ हे यंत्र या दाव्याच्या पुष्टीसाठी उगाच ओढलं गेलंय. ते ४० डॉलरचं यंत्र अन्न तपासतं, माणसाला नाही.