गुडघ्याच्या बाहेरचं हाड टक्क करून सरकतं, ऑपरेशन करावं का?

डावा_विंगर:
फुटबॉल खेळतो, वय 23. आठ महिन्यांपूर्वी टॅकलमध्ये गुडघा दुमडलेला आणि पाऊल आत वळलेलं असताना पडलो, तेव्हापासून गुडघ्याच्या बाहेर जरा खाली जे गोल हाड हाताला लागतं ना ते उकिडवं बसलं की सरकतं, आणि कधीकधी पावलावर मुंग्या येतात. एमआरआय नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात मेनिस्कसचं (गुडघ्यातल्या गादीचं) असेल, दुर्बिणीतून बघू, दुसरे म्हणतात फिब्युलाचा (नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाचा) वरचा सांधा लूज झालाय. कोणाचं ऐकू?

फिजिओताई:
दुसऱ्यांचं पटतंय मला. हा सांधा मुळात गुडघ्याचा नाहीच, टिबिया (नडगीचं जाड हाड) आणि फिब्युलाचा आहे, म्हणून गुडघ्यात दुर्बीण घालून फारसं काही कळणार नाही. गुडघा 90 अंशात वाकवून ते हाड चिमटीत धरून पुढेमागे हलवतात आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघतात, ते केलं का कोणी? हाड जागेवर दाबून टेप लावल्यावर बरं वाटलं तर अजून एक पुरावा. मुंग्या येतात कारण पावलाकडे जाणारी पेरोनियल नर्व्ह त्या हाडाच्या मानेलाच वळसा घालून जाते, ते हलक्यात घेऊ नकोस.

उड्या_बंद:
माझं झालंय हे, लांब उडी करायचो. आधी पट्टा, टेप, व्यायाम सगळं केलं पण धावताना भरवसाच वाटेना. मग मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची दोरी (टेंडन) काढून दोन्ही हाडांत बोगदे पाडून नवं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) बनवलं, आणि त्याआधी ती पेरोनियल नर्व्ह मोकळी करून बाजूला घेतली. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणजे नाही, आंघोळ सुद्धा खुर्चीवर. खोल स्क्वॅट चार महिने बंद. सहाव्या महिन्यात पळायला लागलो, उडी मात्र अजून भीत भीतच.

डावा_विंगर:
बापरे. स्क्रू टाकून सांधा कायमचा फिक्स करतात ना, ते सोपं नाही का?

फिजिओताई:
सोपं दिसतं रे, पण घोटा वर वाकवला की फिब्युला थोडी फिरते, वर तिला जाम केलं की तो ताण घोट्यावर जातो आणि तिथे दुखणं सुरू होतं. खेळाडूला शक्यतो लिगामेंटच बरं. तात्पुरता स्क्रू घालून काही महिन्यांनी काढतात ती गोष्ट वेगळी. सर्जनना एकच विचार, आधी असे किती केलेत, कारण हे रोजचं ऑपरेशन नाही.

डावा_विंगर:
आत्ताच ताईंनी सांगितलं तसं चिमटीत धरून बघितलं, उजवं हाड जागचं हलत नाही आणि डावं चक्क खडखडतंय. मेनिस्कसवाल्यांची अपॉइंटमेंट कॅन्सल करतोय.