नामका चूकाठची ढोला चौकी, १९६२: जागा नडली की रसद?

खिंडवाट
तवांगच्या पलीकडे, चीनच्या सीमेवरची ढोला चौकी आसाम रायफल्सच्या एका छोट्या तुकडीनं ४ जून १९६२ ला मांडली आणि २० ऑक्टोबरला ती चिन्यांच्या हाती गेली. जेमतेम साडेचार महिने. पराभवाचं खापर नेहमी कपड्यांवर आणि बंदुकांवर फुटतं. माझ्या मते जागाच नडली. १९१४ च्या नकाशावरची मॅकमोहन रेषा थागला डोंगरधारेच्या दक्षिणेनं जाते. आपला दावा जलविभाजकाचा, म्हणजे धारेपर्यंतचा. पण चौकी ना धारेवर बसवली, ना मागं हाथुंगला खिंडीवर. ती बसली नामका चू नदीच्या दक्षिण काठाला, दरीत. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक धार ओलांडून आले, ते वरून खाली. आपल्याला त्यांना हटवायचं, तर खालून वर.

रसदवाला
चौकी म्हणजे गडाखालचं मेट. मेटकऱ्यानं पाहायचं आणि वर्दी द्यायची. मेटावर अख्खी फौज नेऊन बसवली, तर दोष मेटाचा कसा? चूक सप्टेंबरातली, पायदळाची ७ ब्रिगेड तिथं उतरवण्याची.

मोटाररस्ता तवांगला संपायचा. पुढं लुंपूपर्यंत खेचरं आणि हमाल. लुंपूहून वाटा दोन: हाथुंगला, साडेतेरा हजार फुटांच्या आसपास, किंवा कारपोला खिंड, सोळा हजारांच्या घरातली. हमाल नेतो त्यातलंच खातो, म्हणून वाट लांबली की पोचणारं ओझं घटतं. मग विमानातून टाकणं आलं. लुंपूचं मैदान त्यासाठी बरं होतं, पण नदीकाठापासून लांब. म्हणून त्सांगधार घेतलं: १४,५०० फूट, चिंचोळं, कडेला दऱ्या. ओझं सोडायला क्षणभर उशीर झाला की गेलं दरीत. छत्र्या डागडुजी करून पुन्हा वापरलेल्या, काही उघडायच्याच नाहीत. पडलेलं हुडकून खाली आणायला जी माणसं लागायची, त्यांनीच खंदक खणायचे होते. शिपायामागं ५० काडतुसं, अंगावर सुती गणवेश. अशी ब्रिगेड चांगल्या जागीही महिनाभर टिकली नसती.

खिंडवाट
मेटाची उपमा आवडली. पण मग साकवांचं काय? नदीवर ओंडक्यांचे साकव होते, त्यांना नंबर दिलेले. सप्टेंबरात पाणी जोरात होतं, म्हणून साकव धरून कंपन्या वाटल्या, काही मैलांत पांगलेल्या. ऑक्टोबरच्या मध्याला पाणी ओसरलं आणि नदीला कुठंही उतार मिळू लागला. साकव राखण्यात अर्थ उरला नाही, कंपन्या मात्र तिथंच. १९-२० च्या रात्री चिनी सैनिक मोर्च्यांमधल्या मोकळ्या जागांतून शिरून मागच्या चढावर जाऊन बसले. पहाटे तोफा सुरू झाल्या, टेलिफोनच्या तारा तुटल्या आणि २ राजपूत या पलटणीवर हल्ला आला तो पाठीमागून. त्या एका पलटणीचे २८२ जण मारले गेले. काडतुसं दुप्पट असती तरी बंकरांची तोंडं नदीकडेच होती.

काठावरचा
दोघंही हुकमाचं बोलत नाही. १० ऑक्टोबरला ९ पंजाब पलटणीचे पन्नासेक जण नदीपलीकडे त्सेंगजोंगला होते. पहिला हल्ला त्यांनी परतवला. दुसऱ्या वेळी मागून मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा मागितला, तो ७ ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवींनी दिला नाही. कठोर वाटतं, पण मारा केला असता तर सगळी ब्रिगेड लढाईत ओढली गेली असती आणि दारूगोळा तेवढा नव्हताच. त्यानंतर नदीकाठ सोडावा असंच दळवींचं मत होतं. त्यांच्या वरचे, कोअरचे प्रमुख जनरल कौल ११ तारखेला दिल्लीला गेले. ठरलं काय, तर हल्ला नको, पण जागा सोडायची नाही. जागा खराब आणि रसद अपुरी हे दोन्ही तेव्हा माहीत होतं, बरं का.

रसदवाला
हे पटतं. लुंपूला मागं आले असते, तर सामान मैदानावर पडलं असतं, आणि हाथुंगला ओलांडून ओझी वाहायची पाळी चिन्यांवर आली असती.

खिंडवाट
पाळी आली असती, पण त्यांना ती झेपली असती. धारेपलीकडे त्यांचा ट्रकरस्ता जवळ आला होता. आपला, लुंपूला आलो तरी, तवांगलाच संपत होता.