सात हजार डॉलरचा स्पॅनिश सिनेमा आणि आमचा अहिराणी पिक्चर: आवाजाचं काय करायचं?

बोरीकाठ (अमळनेर):

नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र मिळून अहिराणीत दीड तासाचा पिक्चर करतोय. गोष्ट कानबाईच्या रोटांत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या श्रावणातल्या सणात घडते. सुरतहून गावी आलेला धाकटा भाऊ, गावातच राहिलेला मोठा भाऊ आणि दोघांच्या मध्ये वाटणीला आलेलं दीड एकर. पैसे जमलेत ते दोन लाखांच्या आत.

परवा 'एल मारियाची' पाहिला. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या गावात केलेला स्पॅनिश पिक्चर, म्हणे ७,००० डॉलरमध्ये झाला. रात्रभर झोप लागली नाही. पण इथले एक शूटिंगवाले म्हणतात, जागेवरचा आवाज नीट घ्यायचा तर माणूस वेगळा, मशीन वेगळं, तुमचे निम्मे पैसे तिथेच जातील. डबिंग करावं तर नाशिक-पुण्याला जावं लागेल. आमचे कलाकार सगळे गावातले. आमची मोठी काकू आईचं काम करतेय, तिला स्टुडिओत कुठे नेऊ?

त्या माणसाने आवाजाचं काय केलं, आणि सात हजार हा आकडा खरा का, एवढं कोणी सांगेल का?

चोपड्याचा शूटिंगवाला:

भाऊ, काकूंना कुठेही नेऊ नका. 'एल मारियाची' करणाऱ्या रॉबर्ट रॉड्रिगेझनेही कोणाला नेलं नव्हतं.

त्याच्याकडे १६ एमएमचा ॲरिफ्लेक्स कॅमेरा होता, तोही उसना. चालू केला की घरघर करायचा, त्यामुळे शूटिंग चालू असताना आवाज घेणं शक्यच नव्हतं. मग त्याने मुकं चित्रीकरण केलं. शॉट झाला, कॅमेरा बंद केला, की माईक तोंडाजवळ धरायचा आणि त्याच नटाकडून, त्याच जागेवर तेच वाक्य साध्या कॅसेट रेकॉर्डरवर बोलून घ्यायचा. नटाने ते आत्ताच म्हटलेलं असतं, त्यामुळे लय, दम, राग सगळं ताजं असतं. एडिटिंगला हे आवाज एकेक करून ओठांवर बसवले. जिथे ओठ आणि आवाज सुटायला लागले तिथे त्याने चित्रच बदललं: ऐकणाऱ्याचा चेहरा, एखादा हात, नाहीतर कुत्रा. त्या पिक्चरचा जो वेग लोक वाखाणतात, त्यातला बराचसा या अडचणीतून आलाय.

मी लग्नाची शूटिंग करतो, पण मागच्या हिवाळ्यात एका लघुपटाला हीच पद्धत वापरली. केळीच्या बागेतला सीन होता. वाळलेली पानं वाऱ्याने हलली की माईकमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. डोळ्यांना दिसतं ऊन आणि कानाला लागते सर. तिथे कितीही भारी माईक लावा, काही होत नाही. म्हणून चित्र बागेत घेतलं, आणि लगेच सगळ्यांना शेतातल्या खोलीत नेऊन, दार लावून, मागे दोन गोधड्या टांगून संवाद मोबाईलवर घेतले. माईक विताच्या अंतरावर, तोंडासमोर नाही, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. पानांचा आवाज नंतर वेगळा भरून आणला आणि हवा तेवढाच खाली घातला. एक सांभाळा: थ्री फेज लाइट कधी येते ते विचारून ठेवा. शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या की ती घूं पुढे निघता निघत नाही.

नटांना एवढंच सांगा की वाक्य पाठ केलेलं नको, जसं आता बोललात तसंच परत बोला. गावातली माणसं यात शिकलेल्या नटांपेक्षा चांगली असतात. काकू तर घरात रोज तशाच बोलत असतील.

पैशाचंही सांगतो. रॉड्रिगेझचं वय तेव्हा २३. अमेरिकेत ऑस्टिनमधल्या एका औषध चाचणी केंद्रात तो महिनाभर राहिला, कोलेस्टेरॉलच्या गोळीची चाचणी स्वतःवर करून घेतली, आणि तिथेच बसून पटकथा लिहिली. खलनायक मोको झालेला पीटर मार्क्वार्ड त्याला तिथेच भेटला. १९९१ च्या उन्हाळ्यात सिउदाद आकुन्या या गावात दोन आठवड्यांत शूटिंग उरकलं. नायक कार्लोस गायार्डो त्याच गावचा, म्हणून बार, बस, रस्ते, कुत्रा सगळं ओळखीतलं. आधी काय काय मिळू शकतं ते पाहिलं आणि गोष्ट त्याच्यावरून लिहिली. तुम्हीही पटकथेला हात लावण्याआधी ती यादी करा: कोणाचं घर, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाचं खळं, कोणाचा जुना वाडा. कॅमेरा सरकवायला त्याने व्हीलचेअर वापरली. बंदुकीतून नकली गोळी एकदा सुटली की ती अडकायची, म्हणून एकेक बार निरनिराळ्या बाजूंनी घेऊन नंतर जोडले, आणि पडद्यावर गोळ्यांची फैर दिसते.

त्याचा मोठा खर्च रीळ, ते धुणं आणि टेपवर उतरवणं यावर गेला. तो खर्च आज तुम्हाला नाहीच. तुमचे पैसे जेवणावळीत आणि गाड्यांत जातील, तिथे हात आखडा. माईक आणि हार्ड डिस्कला आखडू नका.

धुळ्याची एडिटर:

आकड्याचं मी सांगते, कारण त्यावरून पोरं फसतात आणि मग मध्येच पैसे संपतात.

सात हजार खरे आहेत, पण व्हिडिओ टेपवर तयार झालेल्या पिक्चरपर्यंतचे. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे तुमच्या आत्ताच्या रकमेएवढेच दिसतात. पण त्या वेळचे पावणेदोन लाख, हे लक्षात ठेवा. पुढे कोलंबिया पिक्चर्स या हॉलीवूडच्या कंपनीने तो घेतला, थिएटरात लावायच्या ३५ एमएम रिळावर चढवला, आवाज पुन्हा मिक्स केला, आणि त्यासाठी मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसे ओतले. १९९३ मध्ये थिएटरात लोकांनी पाहिला तो हा.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. तो पिक्चर हॉलीवूडला दाखवायला केलेलाच नव्हता. स्पॅनिश व्हिडिओ कॅसेटच्या बाजारात विकायचा, आलेल्या पैशात पुढचा करायचा, एवढाच हिशेब होता. आपल्या माणसांसाठी केलेला तो पिक्चर अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक घेऊन आला, आणि अमेरिकेत लागला तोही स्पॅनिशमध्येच, खाली इंग्रजी ओळी टाकून. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीतही गेला. तेव्हा कोणी "अहिराणीत कशाला, मराठीत करा, जास्त चालेल" असं सांगायला आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. तुमचा बघणारा अमळनेर, धुळे, साक्रीपासून सुरतेतल्या उधना-लिंबायतपर्यंत बसलाय, आणि त्याला यूट्यूबवर अहिराणी गाण्यांपलीकडे पोटभर काही मिळत नाही. हे मला मनापासून वाटतं, म्हणून लांबलं.

पडद्यावर खाली येणाऱ्या मराठी ओळी (सबटायटल) मात्र स्वतः लिहा. मशीनवर सोडू नका.

बोरीकाठ:

ताई, दादा, खूप बळ आलं. मोठी अडचण अजून एक आहे. शेवटचा सीन कानबाईच्या विसर्जनाचा. बाया डोक्यावर कानबाई घेऊन नदीला निघाल्यात, वाजंत्री चालू आहे, आणि त्या गर्दीत दोघं भाऊ पहिल्यांदा समोरासमोर बोलतात. एवढी गर्दी आम्ही कुठून आणू?

चोपड्याचा शूटिंगवाला:

आणू नका, खऱ्या मिरवणुकीतच जा. पण ज्यांच्या घरी स्थापना आहे त्यांना आधी भेटा, घरातल्या मोठ्या बाईंची परवानगी घ्या, आणि देवीपुढे दिवा लावून ओवाळताना कॅमेरा कोणाच्या आडवा येऊ देऊ नका. त्यांचा तो सण आहे, आपलं शूटिंग नंतर.

विसर्जनाच्या त्या सोमवारी संवाद अजिबात घेऊ नका. दोघा भावांना ठरलेल्या कपड्यांत गर्दीत सोडा, नुसतं चालू द्या, एकमेकांना शोधू द्या. चेहरे घ्या, पाय घ्या, पाण्यात उतरणाऱ्या बाया लांबून घ्या. एक पोरगा फक्त आवाजाला ठेवा. वाजंत्री आणि गाणी दहा-दहा मिनिटं सलग भरून घेऊ दे, मध्ये थांबवायचं नाही.

मग दोन-तीन दिवसांनी, तोच घाट, उन्हाची तीच वेळ. दोघं भाऊ आणि मागे तुमचेच आठ-दहा जण, कॅमेरा एवढा जवळ की मागे खांदे आणि लुगड्यांचे काठ तेवढे दिसतील. खाली सोमवारचा आवाज. बोलणं लगेच तिथेच, माईक जवळ धरून.

धुळ्याची एडिटर:

कपड्यांचे फोटो सोमवारीच काढून ठेवा. गुलाल कुठल्या खांद्यावर किती पडला होता तेसुद्धा.

बोरीकाठ:

मिळणाऱ्या वस्तूंची यादी आज रात्री करतो. ट्रॅक्टर दोन निघाले, वाडा एक, आणि मोठ्या भावाच्या कामासाठी ज्याला बघितलंय त्याच्याकडे बैलजोडी आहे, ती पटकथेत नव्हती. आता घालतोय.

चोपड्याचा शूटिंगवाला:

बैल घाला, पण त्यांचं काम सकाळीच उरका. दुपारी कॅमेऱ्यासमोर बैल ऐकत नाहीत.