शब्दचर्चा: कालयंत्र, काळयंत्र की आणखी काही? (तीन ओळींच्या विज्ञानकवितेसाठी)

मंडळी, शब्द अडलाय. सध्या मी तीन-तीन ओळींच्या विज्ञानकविता लिहितेय, विषय अंतराळ आणि टाइम ट्रॅव्हल. इंग्रजीत ह्या प्रकाराला सायफायकू म्हणतात, टॉम ब्रिंक ह्यांनी १९९५ मध्ये त्याचा जाहीरनामा लिहिला होता. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला त्यामुळे तीन ओळींची सवय आपल्या कानाला आहेच, तेव्हा आकाराचा प्रश्न नाही, प्रश्न शब्दांचा आहे. एवढ्याशा जागेत जेमतेम दहा-बारा शब्द मावतात आणि त्यातला एक जरी क्रमिक पुस्तकातून उचलल्यासारखा वाटला की सगळी कविता तिथेच बसते. टाइम मशीनला काय म्हणू? कालयंत्र, काळयंत्र, समययान? आणि स्पेसला अवकाश की अंतराळ? एक नमुना देते, ह्यात मी तांत्रिक शब्द फक्त 'यान' ठेवलाय:

यान उतरलं अंगणात
धाकटी बहीण म्हणाली, दमला असशील
तिचे केस पांढरे

---

नमुना आवडला. 'धाकटी' ह्या एका शब्दावर सगळं पेललंय, सापेक्षतेचं, म्हणजे वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश सरतो ह्याचं, एक अक्षरही सांगावं लागलं नाही.

काल की काळ म्हणाल तर जोडशब्दाच्या सुरुवातीला आपण बहुधा 'काल' घेतो, कालगणना, कालखंड, कालबाह्य. सुटा असला की 'काळ'. काळयंत्र म्हटलं की मला तरी आधी यम आठवतो. 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' ही म्हण सगळ्यांच्या तोंडात आहे, तिथला काळ मृत्यूच आहे. तशी छटा हवी असेल तर खुशाल काळयंत्र लिहा, नाहीतर कालयंत्र. शिवाय 'काल' म्हणजे yesterday वाला काल पण त्यात ऐकू येतो, भूतकाळात नेणाऱ्या यंत्राला आणखी काय पाहिजे! समययान नको, ते हिंदीतून आल्यासारखं वाटतं.

---

ताई, माझं जरा लांबेल पण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. माझं म्हणणं असं की टाइम ट्रॅव्हलसाठी नवे शब्द घडवत बसण्याआधी घरातले शब्द बघा, त्यांच्यात हे सगळं आधीपासून भरलेलंय.

'परवा' घ्या. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोन्हीला शब्द एकच. कुठला ते क्रियापदावरून कळतं, म्हणजे परवा आलो आणि परवा येईन. तेरव्याचंही तसंच. काल आणि उद्याला मात्र ही सोय नाही. कालप्रवासाच्या कवितेला हे आयतं मिळालंय:

परवा भेटलो होतो
परवा भेटू
दोन्ही एकच दिवस

दुसरा शब्द 'वेळ'. हा पुल्लिंगीही चालतो आणि स्त्रीलिंगीही, आणि लिंग बदललं की अर्थ बदलतो. 'वेळ गेला' म्हणजे काही मिनिटं, काही तास खर्ची पडले, आणि 'वेळ गेली' म्हणजे तो ठराविक क्षण हातचा निसटला. आपण दिवसभर बोलताना हा फरक चुकत नाही आणि कधी त्याचा विचारही करत नाही. आता वेगाने जाणाऱ्या यानातलं घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा सावकाश चालतं, हे प्रयोगाने सिद्ध झालेलंय, सहा महिने अंतराळ स्थानकात राहून आलेला माणूस आपल्यापेक्षा साधारण ५ मिलिसेकंदांनी कमी म्हातारा होतो. ते यान प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की मिलिसेकंदांची वर्षं होतात. हे सगळं मी असं लिहीन:

यानात जरासा वेळ गेला
खाली उतरलो तर
वेळ गेली होती

एका स्वराचा फरक आहे, गेला आणि गेली. दुसऱ्या भाषेत हे नेताच येणार नाही असं मला वाटतं.

आणि 'अवकाश'. लग्नाला अजून अवकाश आहे म्हणतो तेव्हा आपण वेळेबद्दल बोलत असतो, आणि अवकाशयान म्हणतो तेव्हा जागेबद्दल. 'तो यायचा अवकाश, की पोरं पळाली' ह्यात परत वेळच. स्थळ आणि काळ वेगळे नाहीत हे विसाव्या शतकात भौतिकशास्त्राने सांगितलं आणि आपल्याकडे दोघांना एकच शब्द पुरतोय! म्हणून स्पेससाठी माझं मत अवकाशलाच. अंतराळ हा चांगला शब्द आहे, अंतराळवीर तर रुळलेलाच आहे, पण त्यात काळाची बाजू नाही.

अजून अवकाश आहे, म्हणालीस
खिडकीबाहेर पाहिलं
खरंच, अवकाशच होतं

---

वा, वेळ गेला / वेळ गेली खासच.

एक विनंती सगळ्यांनाच, 'प्रकाशवर्षं वाट पाहिली' असं कृपया लिहू नका. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. वर्ष शब्द आला म्हणून तो काळ होत नाही. कविता आहे म्हणून विज्ञान कसंही चालेल हे मला पटत नाही, उलट नेमकं असेल तर जास्त लागतं. स्वाती तारा ३७ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आज जो प्रकाश डोळ्यात शिरतो तो ३७ वर्षांपूर्वी तिथून निघालाय. चाळिशीकडे आलेल्या कुणीही आपला अंदाजे जन्माच्या वेळचा प्रकाश गच्चीवरून बघावा, ह्यासाठी यंत्र लागत नाही.

---

नावांबद्दल: अँड्रोमेडा लिहू नका, देवयानी लिहा. आपल्या तारानकाशात देवयानी, शर्मिष्ठा, ययाती हे तारकासमूह शेजारी-शेजारी आहेत आणि ययाती म्हणजे ज्याने मुलाचं तारुण्य घेऊन स्वतःचं म्हातारपण त्याला दिलं तो. वयाची अदलाबदल, म्हणजे आपला विषयच. देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे.

गॅलेक्सीला दीर्घिका आणि आपल्या स्वतःच्या दीर्घिकेला आकाशगंगा, हा फरक मराठीने नीट जपलाय, हिंदीत बऱ्याचदा दोन्हीला आकाशगंगा म्हणतात, तो घोळ इकडे आणू नये. ब्लॅक होलला कृष्णविवर. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेल्या कथेचं नावच 'कृष्णविवर' होतं, त्यामुळे हा शब्द आपल्या साहित्यात चांगला मुरलाय, कवितेत बिनधास्त वापरा. वर्महोलला, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्याला, कृमिविवर म्हणतात पण ते कवितेत किळसवाणं वाटतं, मी तिथे सरळ 'चोरवाट' लिहीन.

---

खूप आभार सगळ्यांचे. कालयंत्र आणि अवकाश नक्की करते, आणि चोरवाट तर लगेच उचलतेय. 'वेळ'सारखे लिंगाबरोबर अर्थ बदलणारे अजून शब्द कुणाला आठवतायत का? आणि कोकणात, विदर्भात, गोव्यात परवाच्या पुढच्या-मागच्या दिवसांना काय म्हणतात तेही सांगा, तेरव्याच्या पलीकडे अजून शब्द असतील तर मला सगळे हवेत.