नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये इव्हेंट कसे शिकावेत? सल्ला हवा

ओसरी:
एचटीएमएल, सीएसएस बऱ्यापैकी येतं. कुठलीही लायब्ररी न घेता किराणा यादीचं पान करतेय. आधीपासून असलेल्या ओळींचं 'काढा' बटण चालतं, नवीन टाकलेल्या ओळींचं दाबलं तर काहीच होत नाही. कोर्स लावू की काही वाचू?

पाणवठा:
कोर्सला पैसे घालू नका. जावास्क्रिप्ट डॉट इन्फोवर ब्राउझरच्या भागात इव्हेंटची (क्लिक, टाइप करणं अशा घटनांची) प्रकरणं आहेत, फुकट, आणि सोडवायला उदाहरणंही. एमडीएन (वेब तंत्राचं संदर्भस्थळ) शंका आली की उघडा, सलग वाचायला ते जड जातं.

आता तुमचं बटण. बटणं शोधायला तुम्ही क्वेरीसिलेक्टरऑल वापरलं असणार. त्याने त्या क्षणी पानावर होती तेवढीच बटणं दिली, लिसनर (क्लिक झाला की चालणारं फंक्शन) तेवढ्यांनाच लागला. पण क्लिक बटणावर थांबत नाही. तिथून एलआय (यादीतली ओळ), मग यूएल (अख्खी यादी), असा डॉक्युमेंटच्याही वर चढत जातो. म्हणून लिसनर एकच ठेवा, यूएलवर. आत इव्हेंट डॉट टार्गेटवर, म्हणजे नेमकं जिथे क्लिक झालं त्या एलिमेंटवर, क्लोजेस्ट चालवून तिथून वर जात बटण शोधा. नुसतं टार्गेट तपासलंत आणि बटणात आयकॉन असला, तर हाती आयकॉन येतो. हे एवढं पक्कं करा, मग बाकीचं भराभर कळतं.

कातरवेळ:
पाणवठा यांना अनुमोदन. थोडी भर घालतो. सगळेच इव्हेंट वर चढत नाहीत. फोकस आणि ब्लर (खोक्यात कर्सर येणं आणि तिथून जाणं) चढत नाहीत, त्यांच्या जागी फोकसइन, फोकसआउट वापरा.

यादी मराठीत भरणार असाल तर कीडाउनवर (कळ दाबल्याच्या इव्हेंटवर) अजिबात विसंबू नका. फोनवर 'साखर' लिहिताना बऱ्याच कीबोर्डांवर प्रत्येक कळीला कीकोड (कळीचा क्रमांक) २२९ येतो, कुठलं अक्षर दाबलं ते कळतच नाही. मजकूर हवा असेल तर इनपुट इव्हेंट ऐका. एंटरसाठी खोका फॉर्ममध्ये ठेवून सबमिट ऐका, आणि प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारं) लिहाच, नाहीतर पान पुन्हा लोड होऊन यादी जाईल.

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये एलिमेंट निवडून कन्सोलमध्ये मॉनिटरइव्हेंट्सला डॉलर-शून्य (म्हणजे ते निवडलेलं एलिमेंट) द्या. टाइप करताना कोणता इव्हेंट कशानंतर येतो ते डोळ्यांसमोर दिसतं. वाचण्याआधी हे करून बघाच.

ओसरी:
यूएलवर लिसनर नेला, चाललं! खूप आभार. पण रिमूव्हइव्हेंटलिसनर लिहूनही एक लिसनर निघत नाहीये. लावताना आणि काढताना, दोन्हीकडे तेच ॲरो फंक्शन (नाव न देता जागीच लिहिलेलं) लिहिलंय.

पाणवठा:
तिथेच अडलंय. मजकूर सारखा असला तरी दोनदा लिहिलेली फंक्शनं ब्राउझरच्या लेखी वेगळीच. एकदा लिहून नाव द्या, लावताना-काढताना तेच नाव द्या. लिसनर एकदाच चालायला हवा असेल तर लावताना वन्स हा पर्याय ट्रू करा, काढायची गरजच नाही.