'कॉमन्स'ला मराठीत काय म्हणावं?

सोलापूरकर : भांडवलशाहीला पर्याय, या विषयावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'सर्क्युलर इकॉनॉमी'ला, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात फिरवणाऱ्या व्यवस्थेला, चक्रीय अर्थव्यवस्था लिहून पुढं गेलो, पण 'कॉमन्स'पाशी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या आणि राखायच्या साधनांपाशी, गाडी अडली. सार्वजनिक मालमत्ता लिहू का? वापरातला शब्द सुचवा.

बार्शीकर : सार्वजनिक नको ओ. सार्वजनिक म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे कुणीही यावं, थुंकून जावं. गायरान, पाणंद, ओढा, गावतळं हे तुमचे कॉमन्स. मी 'सामाईक' घेईन. सामाईक विहिरीवर मोटार कुणी कधी लावायची, पाळी कुणाची, गाळ काढायचा खर्च कुणावर किती, सगळं ठरलेलं असतं. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन 1968 मध्ये लिहून गेला की कुरण सगळ्यांचं असलं की उजाड होतंच. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉमनं जगभरची कुरणं, कालवे, मासेमारी तपासून दाखवलं की वापरणारेच नियम करतात, राखण ठेवतात, मोडणाऱ्याला दंड लावतात, तिथं ती टिकतात. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला याच कामावर मिळालं. हार्डिनचं कुरण म्हणजे मोकाट रान. गायरान तसं नसतं.

मंगळवेढेकर : सामाईकाची वाटणी मागता येते, दादा. दोन भाऊ भांडले की विहिरीचाही निम्मा हिस्सा पडतो. गायरानाचा हिस्सा पडत नाही, विकताही येत नाही. म्हणून 'गावकीचं' म्हणा. आमच्याकडं बसवण्णांचा 'दासोह', म्हणजे कमाई समाजाला अर्पण करायचं तत्त्व, तेही आहे, पण त्यात अर्पणाचा भाव जास्त, मालकीचा प्रश्न नाही.

अक्कलकोटकर : गावकी कुणाची, तेही सांगा. गावकीच्या विहिरीवर अर्ध्या गावाला पोहरा टाकायची बंदी होती. मुंबई कायदेमंडळानं 1923 मध्ये सदस्य बोले यांचा ठराव करून सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले, तरी बाबासाहेबांना 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. ज्या शब्दावर तुम्ही थुंकताय, त्याच शब्दावर पाण्याचा हक्क मागितला गेला. 'सार्वजनिक' इतक्या सहज टाकू नका. लेख जमीन-पाण्याच्या राखणीचा असेल तर सामाईक घ्या, पण कोण आत आणि कोण बाहेर हे एका वाक्यात तरी लिहा.

बार्शीकर : मान्य. थुंकण्याचं मागं घेतो.

अक्कलकोटकर : आणि 'चक्रीय'ही बदला. अर्थशास्त्र वाचणाऱ्याला त्यानं तेजीमंदी आठवते, बाकीच्यांना चक्रवाढ व्याज. 'चक्राकार' बरं. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. आपल्या जिल्ह्यातला साखर कारखाना बघा. टनभर उसामागं 280-300 किलो बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, निघतो, तो बॉयलरला. त्याच वाफेवर चरक फिरतात, वीजही होते. मळी डिस्टिलरीला, तिचं इथेनॉल. प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरलेला गाळ, परत शेतात. याहून चक्राकार काय असणार? कारखाना खाजगी असो की सहकारी, चक्र तेच. आणि ज्या उजनी धरणाच्या पाण्यावर ते फिरतं, ते उन्हाळ्यात उसाला जाणार की शेवटच्या चारीवरच्या ज्वारीवाल्याला, याचा त्या चक्रात कुठंच हिशेब नाही. चक्राकार शब्द माल कुठं फिरतो एवढंच सांगतो. पाण्याची पाळी कोण ठरवणार, हा सामाईकाचा प्रश्न. तुमचा लेख दोन्ही एकाच दमात भांडवलशाहीचे पर्याय म्हणत असेल तर तिथं वेगळा परिच्छेद पाडा. पहिलं तर भांडवलदारालाही परवडतं, भंगारातून नफाच निघतो.

सोलापूरकर : मग सहकार म्हणजे सामाईक का नाही?

मंगळवेढेकर : सहकारात शेअर असतो, सभासद असतो, लाभांश असतो. गायरानात शेळी चारायला शेअर लागत नाही.

सोलापूरकर : ठीक. 'सामाईक साधनं' आणि 'चक्राकार अर्थव्यवस्था' लिहितो. आता 'कॉमनर', म्हणजे ही साधनं वापरणारा? हक्कदार?

बार्शीकर : वहिवाटदार. वापरामुळं हक्क, हा अर्थ त्यात आहेच. फक्त तळटीप द्या. वहिवाट म्हटलं की आपल्याकडं वाचक थेट तहसीलदारापुढच्या रस्त्याच्या दाव्यात जाऊन बसतो.